कोबा कोणाच्या शब्दानं फुटला

मागच्या अंगणातला कोबा फोडून टाका, हे मी आमच्या गवंडीबुवांना किती वर्षं सांगत होते ते विचारू नका. सांगून सांगून दाताच्या कण्या झाल्या. गवंडीबुवा म्हणजे माझा नवरा. सगळा जन्म लोकांची घरं बांधण्यात गेला आणि स्वतःच्या घरातला नळ गळतो तो गळतोच, म्हणून मी हे नाव ठेवलं. आता गल्लीत सगळे तेच म्हणतात. तर हा कोबा त्यांनी आमचं लग्न नवं होतं तेव्हा केला. म्हणायचा कोबा, पण चांगला वीतभर जाड, चार खाटा शेजारी शेजारी मावतील एवढा स्लॅबच तो. ऊन असलं की पाय भाजायचे, पाऊस पडला की शेवाळ धरायचं. मला तिथं माती हवी होती. एक लिंबोणी, दोन वेल आणि थोडी मिरचीची रोपं. राजवाडा नव्हता मागितला.

गवंडीबुवांचं उत्तर ठरलेलं. माझ्या हातचं काम आहे, ते कशाला फोडायचं. हे म्हणताना ते माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. बरं, काम काही एवढं मिरवण्यासारखं नव्हतं. भिंतीकडच्या कोपऱ्यात एक वाकडीतिकडी चीर गेली होती आणि दर पावसाळ्यानंतर तिच्यातून तांबूस डाग वर यायचा. डाग दिसला रे दिसला की हे लगेच सिमेंट कालवून त्यावर फिरवायचे. नळासाठी वेळ नाही, पण त्या डागासाठी हातातला चहा खाली ठेवून उठायचे. कौतुक बघा कोब्याचं, असं मी म्हणायचे आणि आत जायचे.

आणि मग सूनबाई आली. मुलगा जहाजावर नोकरीला, वर्षातले बरेच महिने पाण्यावर, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. सूनबाई चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. दिसायला नीटस, बोलायला गोड. एका सकाळी चहा पिता पिता ती सहज म्हणाली की बाबा, तो मागचा कोबा काढला तर तिथं किती छान झाडं लावता येतील. मी मनात म्हटलं, घे, आता तुलाही ऐकव ते हातचं काम. गवंडीबुवांनी कप खाली ठेवला, तिच्याकडे नीट बघितलं, आणि म्हणाले, "बघू या."

बघू या! माझ्या संसारात मला कधी बघू या मिळालं नाही. संध्याकाळी बघते तर हे अंगणात बसून छिन्न्यांना धार लावत होते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी जळले, सरळ सांगते. मी काही वाईट सासू नाही. तिला उशीर झाला तर ताट झाकून ठेवते, तिचा ताप उतरेपर्यंत उशाशी बसले आहे. पण जी गोष्ट मी रडून, भांडून, गोड बोलून, अबोला धरून मिळवू शकले नाही, ती हिनं चहाच्या एका घोटात मिळवली. म्हणजे झाडं नको होती असं नव्हतं, मी नको होते. माझं सांगणं म्हणजे भिंतीवरचं घड्याळ, टिकटिक चाललीय तर चालू दे.

त्यानंतर मला सगळंच दिसायला लागलं. हिच्याशी बोलताना हे हसतात. हिनं विचारलं की भिंतीचा ओळंबा कसा धरायचा ते उठून दाखवतात. मला लग्नानंतर इतक्या वर्षांत ओळंबा कशाशी खातात हे कुणी दाखवलं नाही. दोघं टेप घेऊन कोब्यावर उभे राहायचे, खालच्या आवाजात बोलायचे, आणि मी दारात आले की गप्प. ही टेप गुंडाळायला लागायची आणि हे आकाशाकडे बघायचे, जसं काही वर कुणी प्लास्टर करत होतं.

त्यातच एक दिवस मी दुपारी झोपून उठले तर माळ्यावरचं माझं शिलाई मशीन खाली आलेलं. मशीन म्हणजे नुसता वरचा भाग. सूनबाईनं तो फडक्यानं पुसून टेबलावर ठेवला होता. मी विचारलं, हे कशाला काढलं. ती म्हणाली, माळा आवरत होते आई, धूळ फार होती. आणि गवंडीबुवांकडे बघितलं. त्यांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं.

त्या मशीनचं नाव काढलं की माझ्या जिवाला अजून लागतं. मी लग्नाआधीपासून शिवायचे. पायमशीन होतं माझं, ओतीव लोखंडाच्या स्टँडचं. स्टँडच्या पायावर वेलबुट्टी होती आणि त्या वेलीचं एक पान मी मशीन सरकवताना आपटून तोडलं होतं. तेव्हा हेच म्हणाले होते की ओतीव लोखंड आहे, दिसायला दणकट पण ठिसूळ, जपून. गल्लीतल्या मुलींचे फ्रॉक, शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, सगळं माझ्याकडे यायचं. माझ्या हाताची शिलाई उसवत नाही असं लोक म्हणायचे. सकाळी बसले की भूक लागल्यावरच उठायचे, आणि मला त्यासारखं सुख दुसऱ्या कशात वाटलं नाही. मग माझ्या बहिणीच्या बाळंतपणाला मी गेले, आणि परत आले तर स्टँड नाही. हे म्हणाले, ते तुटलेलं पान जोडून तुला खूश करावं म्हणून वेल्डरकडे दिलं होतं, त्याच्या दुकानाबाहेरून भंगारवाल्यानं उचलून नेलं. आणि मागच्या अंगणात नवा कोरा कोबा. तुझ्या पायाला चिखल लागू नये म्हणून केला, म्हणाले. मी स्टँडसाठी रडले आणि कोब्यासाठी डोळे पुसले. नवं स्टँड घेऊ म्हणता म्हणता मुलगा झाला, मग वरची खोली झाली, मग राहून गेलं.

वेल्डरच्या बायकोला मी तेव्हाच गाठून विचारलं होतं. ती म्हणाली, कसलं स्टँड, आमच्याकडे आलंच नाही. मी म्हटलं, चोर ते चोर आणि वर शिरजोर. तेव्हापासून आजपर्यंत मी तिच्याशी बोललेली नाही. समोरून आली तर मी रस्ता ओलांडते. तिच्या मुलीच्या लग्नाला गेले नाही, माझ्या मुलाच्या लग्नाला तिला बोलावलं नाही.

असो. तर मशीन खाली आलं, आणि दोनच दिवसांत सूनबाईनं नवीन काढलं की आई, तुम्ही मावशींकडे जाऊन या ना थोडे दिवस, किती दिवसांत गेला नाहीत. हे लगेच म्हणाले, हो हो, जाऊन ये, हवापालट होईल. दोघांचा सूर असा जुळलेला की तालीम केली असावी. आता मात्र मला सगळं लख्ख कळलं. मला बाहेर काढायचं, मागून कोबा फोडायचा, तिच्या पसंतीची झाडं लावायची, आणि मी परत आले की बघा आई, कसं छान दिसतंय. म्हणजे माझ्याच लिंबोणीचं श्रेय हिला. आणि माळ्यावरची माझी वस्तू पुसून ठेवली ती कुणाला देऊन टाकायला, हेही माझ्या मनानं घेतलं.

मी सांगून टाकलं की मी कुठेही जात नाही आणि कोबाही कुठे जात नाही. गवंडीबुवा म्हणाले, अगं, तूच तर मागे लागली होतीस. मी म्हटलं, होते, आता नाही. मला आवडतो कोबा. माझ्या नवऱ्याच्या हातचं काम आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरातल्या सगळ्या गाद्या, उशा, चादरी काढल्या आणि कोब्यावर वाळत घातल्या. मधोमध खुर्ची टाकली आणि शेंगा सोलत बसले. ऊन चढलं, डोकं तापलं, पायाला चटके बसायला लागले, तरी मी हलले नाही. सूनबाई छत्री घेऊन आली. मी म्हटलं, नको, मला ऊन मानवतं. ती बिचारी छत्री तिथंच टेकवून कामाला गेली. संध्याकाळपर्यंत माझी पाठ धरली. शेंगा संपल्यावर मी नुसतीच बसून होते. गवंडीबुवांनी दोनदा दारातून डोकावून बघितलं, आणि ते मला हसतायत असं वाटून मी आणखी ताठ झाले.

असे काही दिवस गेले. त्यात त्यांनी कडेच्या बांधासाठी सिमेंटचं पोतं आणून कोपऱ्यात ठेवलं, म्हणजे फोडायचं नक्की होतंच. मग रविवार उजाडला. दोघंही घरात. मी स्वयंपाकघरातून बघितलं, तर सूनबाई कोब्यावर उभी राहून भिंतीकडच्या कोपऱ्याकडे बोट दाखवत होती आणि हे मान हलवत होते. आज आधी हा कोपरा, असं काहीतरी चाललं होतं. ती बोट दाखवणार आणि माझा नवरा घण उचलणार. माझ्या मनात एकच आलं की हा कोबा फुटायचाच असेल तर माझ्या शब्दानं फुटेल, नाहीतर नाही.

मी पदर खोचला, अंगणात गेले, आणि गवंडीबुवांच्या हातातला घण ओढून घेतला. ते म्हणाले, अगं जड आहे, लागेल. मी म्हटलं, लागू दे. सूनबाई पुढे झाली, तिला मी हातानंच मागे सारलं. ते एकदम म्हणाले, तिथं नको, त्या बाजूनं मार, तिथं नको. म्हणून मी तिथंच मारला. चिरेवर, अगदी त्या तांबूस डागावर.

दोन घाव फुकट गेले, हात झिणझिणले. मग तिसऱ्याला ताटाएवढा एक ढलपा उडाला आणि खाली काहीतरी काळं दिसलं. मला वाटलं सळई. पण सळईला वेलबुट्टी नसते. मी खाली बसले, बोटांनी खडी बाजूला केली. वेल होती, पानं होती, आणि एका जागी पान नव्हतं.

मी त्या तुटक्या जागेवरून बोट फिरवलं. मग गवंडीबुवा म्हणाले, की तेव्हा लोखंड कमी पडलं होतं, कोब्याला बळकटी हवी म्हणून घातलं.

मी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. "मी गवंड्याची बायको आहे," मी म्हटलं. "ओतीव लोखंड कोब्यात घातलं की कोबा तिथंच चिरतो, हे मला कुणी शिकवलं? ठिसूळ असतं म्हणून कोण सांगत होतं? आता खरं बोला."

ते कोब्यावर बसले, त्या चिरेच्या पलीकडे. टोपी काढली, पुन्हा घातली. सूनबाई आत जायला निघाली, त्यांनी तिला थांब म्हणून खूण केली, आणि मी म्हटलं, जाऊ दे तिला. ती गेली.

"तू मशीनवर बसलीस की मी दारात येऊन उभा राहायचो," ते म्हणाले. "दिवसभर सिमेंटमध्ये काम करून आलेला. चपला वाजवायचो, खोकायचो. तुझी मान वर व्हायची नाही. हाक मारली तर म्हणायचीस, हा एवढा काठ होऊ दे. मला त्या मशीनचा फार राग यायचा. तू गेलीस तेव्हा मी घरात एकटा, ते समोर, आणि अंगणात सिमेंटचा माल कालवलेला. सकाळी मला लाज वाटली, पण तोवर सिमेंट घट्ट धरलं होतं."

स्टँडवरच्या लाकडी फळीचं काय केलं, एवढंच मी विचारलं. फळी पाणी तापवायला जाळली होती. वेल्डर? वेल्डरचं नाव तोंडात आलं ते घेतलं. बिचाऱ्याला आजतागायत पत्ता नाही.

मला काय काय वाटलं ते सांगते. राग आला, एवढा की तोच घण घेऊन घरही फोडावं. माझे किती फ्रॉक, किती गणवेश त्या सिमेंटखाली गेले. आणि त्याच्याच शेजारी, लाज वाटते सांगायला, कुठेतरी आत बरं वाटलं. ह्या माणसानं कधी माझ्या नव्या साडीकडे बघून बरी दिसतेस म्हटलं नाही. आणि हा माणूस एका लोखंडाच्या तुकड्यावर माझ्यासाठी एवढा जळला होता.

पण ते बरं वाटणंही फार टिकलं नाही, कारण मला दुसरी गोष्ट आठवली. मी विचारलं, सूनबाईला हे माहीत होतं का? त्यांनी मान खाली घातली. तिनं माळ्यावरचं मशीन बघून ह्याचं स्टँड कुठंय म्हणून विचारलं आणि ह्यांच्या तोंडून निघून गेलं. इतक्या वर्षांत दुसऱ्या कुणी विचारलंच नव्हतं, म्हणाले.

"इतकी वर्षं माझ्याशी खोटं बोललात ते मी एक वेळ गिळीन," मी म्हटलं. "पण खरं बोलायची वेळ आली तेव्हा ते आधी तिला सांगितलंत?"

त्यांनी घण उचलून भिंतीला टेकवला.

संध्याकाळी सूनबाई माझ्या खोलीत आली. दारातच उभी राहून म्हणाली की आई, मी बाबांना म्हटलं होतं, आठ दिवसांत तुम्ही सांगा नाहीतर मी सांगते. ते म्हणाले, नुसतं सांगायला तोंड होत नाही, आधी काढतो, घासूनपुसून मशीन त्यावर बसवतो, मग सांगतो. म्हणून तुम्हाला मावशींकडे पाठवत होतो. तुम्ही हलेनात आणि मुदत संपली, म्हणून आज तसंच काढायला घेतलं. झाडांचं मी नुसतं निमित्त केलं. एवढं बोलून ती गेली. तिनं माझी बाजू घेतली होती. ती मला पहिल्यांदाच मनापासून आवडली, आणि त्याचाही मला रागच आला.

मग कोबा फुटला, सगळाच्या सगळा, माझ्या शब्दानं. मी खुर्चीवर बसून सांगितलं, इथं मार, तिथं मार, आणि गवंडीबुवांनी मारलं. खालून काळी ओली माती निघाली. लिंबोणी मी लावली. ह्यांनी कडेनं छोटा बांध घातला. वेल्डरच्या बायकोकडे मी गेले. तिच्या दारात उभं राहून बोलायला तोंड उघडेना, तेव्हा तिनंच आत ये म्हटलं. मी ह्यांनाही बरोबर नेलं होतं आणि सगळं त्यांनाच सांगायला लावलं. वेल्डर पोट धरून हसला. त्याची बायको हसली नाही. तिनं मला पाणी दिलं, पण चहा विचारला नाही, आणि ते बरोबरच होतं.

राहिलं स्टँड. ते सुटं सुटं निघालं, दोन्ही बाजूचे पाय, चाक, पायडलची जाळी, आणि जाळीच्या प्रत्येक भोकात दगडासारखं सिमेंट. मी अट घातली की हे दुसऱ्या कुणाकडे द्यायचं नाही, तुम्हीच पुरलंत, तुम्हीच साफ करायचं. तेव्हापासून गवंडीबुवा रोज अंगणात पोतं पसरून बसतात. बारीक छिन्नी, छोटी हातोडी, ओतीव लोखंड म्हणून अलगद टकटक. एक भोक मोकळं झालं की फुंकर मारतात, उजेडात धरून बघतात, पुन्हा सुरू. बाहेरची कामंसुद्धा घेत नाहीत. मला आधी बरं वाटलं. म्हटलं, करा, भोगा.

काल मी चहा घेऊन गेले. दारात उभी राहिले. त्यांची मान खाली, स्टँडचा वेलबुट्टीचा पाय मांडीवर, ओठ दाबलेले. मी चपला वाजवल्या. मग खोकले. मग हाक मारली, की चहा आणलाय.

"हा एवढा कोपरा होऊ दे," ते म्हणाले, आणि मान वर केली नाही.

मी उभी राहिले. चहावर साय धरली. ते लोखंड त्यांच्या मांडीवर मूल घ्यावं तसं पडलेलं, आणि ते त्याच्या एकेका पानाला बोटानं पुसत होते. मला त्या स्टँडचा इतका राग आला, इतका राग आला, की माझी मीच चकित झाले. मी इकडे तिकडे बघितलं. कोपऱ्यात बांधातून उरलेलं सिमेंटचं पोतं होतं. अर्धं तरी होतं.